दोन शिंगं, आठ उपप्रजाती, एक लाख मतं!

ऑक्टोबर 1959. ब्राझीलच्या साओ पावलो शहरात नगरपरिषदेची निवडणूक झाली. महागाई, अन्नटंचाई आणि तुंबलेली गटारं यांनी लोक पुरते वैतागले होते. पेट्या उघडल्या तेव्हा ‘काकारेको’ या नावाच्या जवळपास एक लाख चिठ्ठ्या निघाल्या. कुठल्याही एका पक्षाला इतकी मतं पडली नव्हती! ही काकारेको म्हणजे रिओहून साओ पावलोच्या नव्या प्राणिसंग्रहालयात पाहुणी म्हणून आलेली काळ्या गेंड्याची मादी. अधिकाऱ्यांनी तिची मतं बाद ठरवली, पण ब्राझीलमध्ये निषेधाच्या मताला तिचं नाव कायमचं चिकटलं. पुढे 1963 मध्ये कॅनडात चक्क ‘गेंडा पक्ष’ निघाला आणि त्यानं काकारेकोशी नातं सांगितलं.

काळा गेंडा हा असा बातमीत राहणारा प्राणी आहे. मात्र त्याच्याबद्दलच्या सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टी निवडणुकीत नाहीत, आफ्रिकेच्या काटेरी रानात आहेत. आणि काही गोष्टी आता फक्त संग्रहालयाच्या कपाटात उरल्यात.

काळा? छे, राखाडीच!

काळा गेंडा काळा नसतो आणि पांढरा गेंडा पांढरा नसतो. दोघंही राखाडी, आणि ज्या चिखलात लोळतील त्या रंगाचे. खरा फरक बघायचा तो ओठात. पांढऱ्या गेंड्याचं तोंड रुंद आणि सपाट, कारण तो गवत चरतो. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार आणि लवचीक. तो फांदीभोवती वळवून झुडपाचा शेंडा तोंडात ओढायचा ही त्याची पद्धत. मान वर करून चालतो तो काळा, मान खाली घालून चालतो तो पांढरा, हीदेखील दुरून ओळखायची सोपी खूण.

पिल्लू सोबत असेल तर आणखी सोपं. काळ्या गेंड्याचं पिल्लू धावताना आईच्या मागे असतं, पांढऱ्याचं आईच्या पुढे. दाट काटेरी झुडपांत आईनं आधी वाट फोडायची आणि पिल्लानं मागून यायचं, असं त्याचं स्पष्टीकरण बरेच जाणकार देतात.

नाव आफ्रिकेचं, पत्ता भारताचा

1758 मध्ये लिनिअसनं या प्राण्याला ‘बायकॉर्निस’, म्हणजे दोन शिंगांचा, असं शास्त्रीय नाव दिलं आणि राहण्याचं ठिकाण लिहिलं: भारत! आपल्याकडचा काझीरंगाचा गेंडा तर एकशिंगी. मग ही गफलत झाली कशी? बहुधा लिनिअसपुढे असलेली माहिती एका भारतीय गेंड्याच्या कवटीवरून आलेली होती आणि त्या कवटीवर कुणा संग्राहकानं दुसरं शिंग वरून बसवलेलं होतं. आफ्रिकेतल्या दोन शिंगांच्या गेंड्याबद्दल प्रवाशांनी लिहिलेलं मात्र लिनिअसला ठाऊक होतं. त्यामुळे नाव टिकलं आणि 1911 मध्ये पत्ता दुरुस्त होऊन ‘केप ऑफ गुड होप’ असा अधिकृतपणे नोंदला गेला. या दुरुस्तीत एक जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. पत्ता केपचा झाला तेव्हा केपचा काळा गेंडा संपून साठेक वर्षं उलटली होती.

विषारी चिकाचं जेवण

या गेंड्याच्या आहारात दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. बोटभर लांब काट्यांच्या बाभळी तो सहज चावतो. आफ्रिकी गेंड्यांना पुढचे दात नसतातच. ओठानं ओढायचं आणि दाढांनी कापायचं. दाढा इतक्या नेमक्या चालतात की डहाळी माळ्यानं कात्रीनं छाटल्यासारखी तिरकी, स्वच्छ कापली जाते. माग काढणारे लोक असा तिरका काप दिसला की समजतात, काळा गेंडा इथून गेला.

नामिबियाच्या वाळवंटी भागातला गेंडा तर याहून अचाट. तिथं युफोर्बियाची मोठाली झुडपं वाढतात. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या शेराचीच ही नातलग, आणि तिचा पांढरा चीक माणसाला घातक आहे. गेंडा ती झुडपं चिकासकट खातो. त्यातून पाणीही मिळतं, त्यामुळे पाणवठा दूर असला तरी तो निभावून नेतो.

गंमत अशी की हाच रानटी आहार बदलला की तो आजारी पडतो. प्राणिसंग्रहालयात वेगळं खाणं मिळालं की काळ्या गेंड्याच्या शरीरात लोह साठत जातं आणि त्याला अपाय होतो. गवतावर जगणाऱ्या पांढऱ्या गेंड्याला हा त्रास सहसा होत नाही.

झटपट मापं

वजन साधारण 800 ते 1,400 किलो. पळण्याचा वेग ताशी 50 किलोमीटरच्या पुढे. गर्भारपण 15 ते 16 महिने. प्रत्येक पायाला तीन बोटं. जवळचे नातलग घोडा आणि टॅपीर. शिंगात हाड अजिबात नाही, सगळं केराटिन, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच. नजर कमजोर, पण कान दोन्ही स्वतंत्रपणे फिरतात आणि नाक फार तिखट.

आयुष्य? रानात पस्तिशी-चाळिशी म्हणजे छान म्हातारपण. पण टांझानियाच्या गोरोंगोरो विवरात राहणारी फाउस्टा 57 वर्षं जगली. शेवटी दृष्टी गेली, तरस त्रास देऊ लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला कुंपणात आणून सांभाळलं. डिसेंबर 2019 मध्ये ती गेली.

पाठीवरचा पहारेकरी

गेंड्याच्या पाठीवर बसणारे ऑक्सपेकर पक्षी तुम्ही चित्रांत पाहिले असतील. मैनेच्या गणगोतातले हे पक्षी गोचिड्या खातात आणि जखमाही टोचतात. काळ्या गेंड्याच्या कुशीवर अनेकदा एका सूक्ष्म कृमीमुळे झालेली ओली जखम असते. तिथलं रक्त हे पक्षी आवडीनं पितात. मग गेंडा त्यांना बसू तरी का देतो?

दक्षिण आफ्रिकेतल्या श्लुश्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात यावर एक सुरेख प्रयोग झाला आणि 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एक माणूस मोकळ्या जागेतून गेंड्याकडे चालत जायचा आणि गेंड्याला चाहूल कितव्या मीटरवर लागते ते मोजायचं. पाठीवर पक्षी नसताना गेंड्याला बहुतेक वेळा पत्ताच लागला नाही. लागला तेव्हा सरासरी 27 मीटरवर. पक्षी असताना दर वेळी चाहूल लागली, आणि तीही सरासरी 61 मीटरवर. पक्षी जितके जास्त, तितकं हे अंतर वाढत गेलं. पक्षी ओरडला की गेंडा वळून वारा वाहत जातो त्या दिशेकडे तोंड करून उभा राहायचा, कारण त्या बाजूनं त्याला वासानं काही कळत नाही आणि शिकारी नेमका तिथूनच येतो. थोडं रक्त देऊन जीव वाचत असेल तर हा सौदा गेंड्याच्या फायद्याचाच आहे.

आणखी एक भाडेकरू आहे, त्याची फारशी कुणी चौकशी करत नाही. आफ्रिकेतली सगळ्यात मोठी माशी! तिच्या अळ्या गेंड्याच्या पोटात वाढतात. काळ्या आणि पांढऱ्या गेंड्याशिवाय तिला दुसरं घर नाही. पूर्ण वाढलेली माशी काही खात नाही, मोजके दिवस जगते आणि तेवढ्यात तिला अंडी घालायला गेंडा शोधावा लागतो. गेंडा गेला की ही माशीही जाईल.

आठ शाखा, आणि किती उरल्या?

आता मुख्य मुद्दा. ‘काळा गेंडा’ असं आपण एकवचनी म्हणतो, पण केपपासून सोमालियापर्यंत आणि तिथून पश्चिमेला कॅमेरूनपर्यंत पसरलेला हा प्राणी सगळीकडे सारखा नव्हता. शास्त्रज्ञांची एक मान्य मांडणी त्याच्या आठ उपप्रजाती करते. त्यातल्या तीन आज ठामपणे जिवंत म्हणता येतात.

नैऋत्येचा गेंडा प्रामुख्यानं नामिबियात आहे: कोरड्या मुलखाला सरावलेला. दक्षिण-मध्य आफ्रिकेचा ‘मायनर’ दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे या पट्ट्यात. तिसरा पूर्वेचा ‘मायकेली’, केनिया आणि टांझानियाचा, ज्याची शिंगं लांब, सडपातळ आणि जास्त वळलेली. हे नाव मायकेल ग्झिमेक या तरुणावरून आलं. तो वडिलांबरोबर सेरेंगेटीतल्या प्राण्यांची विमानातून मोजणी करत होता आणि 1959 मध्ये त्याच कामात विमान कोसळून गेला.

गेलेल्यांची यादी लांब आहे. केपचा गेंडा सगळ्यांत मोठा होता. बेसुमार शिकार आणि शेतीसाठी मोकळी केलेली जमीन यांमुळे तो 1850 च्या सुमारास संपला. ईशान्येचा ‘ब्रुसी’ सुदान, इथिओपिया, सोमालियातून गेला. त्याचं नाव जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाचं. चोबे नदीकाठचा गेंडा जवळजवळ गेल्यातच जमा आहे. युगांडाकडच्या ‘लाडोएन्सिस’चं रक्त केनियाच्या एखाद्या अभयारण्यात उरलेलं असू शकेल, पण खात्री नाही.

नावांचा घोळही आहे. काही तज्ज्ञ नामिबियाच्या गेंड्याला केपच्याच उपप्रजातीत धरतात, काही त्याला वेगळा मानतात. म्हणजे एकाच्या यादीत जी उपप्रजाती जिवंत, ती दुसऱ्याच्या यादीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी नामशेष! हा वाद कागदावरचा वाटेल, पण कुठला गेंडा कुठं सोडायचा हे त्यावरच ठरतं.

पश्चिमेचा गेंडा कसा गेला

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चटका लावते ती ‘लॉन्गिपेस’ची, म्हणजे पश्चिमेच्या काळ्या गेंड्याची हकीकत, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. 1980 च्या आसपास चाड आणि कॅमेरूनमध्ये हे गेंडे शंभरावर होते. चाडमधले संपले. 1990 चं दशक सरता सरता कॅमेरूनमध्ये दहाच्या आसपास उरले, तेही एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले. नर-मादीची गाठ पडणंच अवघड, मग पिल्लं कुठून येणार? त्यांना एकत्र आणण्याच्या योजनांवर नुसती चर्चा झाली. पैसा आणि सुरक्षेची हमी दोन्ही नव्हतं. मधल्या काळात काही ठशांमुळे आशा पालवली, पण माग काढणाऱ्यांपैकी काहींनी नोकरी टिकवण्यासाठी ते ठसे स्वतःच बनवल्याचं उघड झालं. 2006 मध्ये उत्तर कॅमेरूनचं रान पिंजून काढलं तेव्हा एकही गेंडा सापडला नाही. 2011 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं ही उपप्रजाती नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आला होता, जनुकांचा नकाशा काढून झाला होता. दहा गेंडे एका कुंपणात आणणं त्याहून अवघड नक्कीच नव्हतं.

एक लाखावरून अडीच हजार

1960 च्या सुमारास आफ्रिकेत काळे गेंडे लाखभर असावेत, असा अंदाज आहे. 1970 मध्ये सुमारे 65,000. 1990 च्या दशकाच्या मध्याला उरले जेमतेम 2,400. पस्तीस वर्षांत शंभरातले सत्त्याण्णव गेले!

याची सुरुवात बंदुकीच्या परवान्यानं झाली होती. केनियाच्या माकुएनी भागात वसाहत सरकारला शेतीसाठी जमीन हवी होती; 1944 ते 1946 या काळात जे. ए. हंटर या शिकाऱ्यानं सरकारी कामगिरी म्हणून तिथं जवळपास हजार काळे गेंडे मारले. पुढे 1952 च्या आपल्या पुस्तकात, थोड्या जमिनीसाठी हे प्राणी संपवणं योग्य होतं का, असा प्रश्न त्यानंच विचारला.

मग आलं तेलाचं दशक. 1970 नंतर येमेनमधल्या माणसांच्या हाती आखाती देशांतल्या मजुरीचा पैसा खेळू लागला आणि ‘जंबिया’ या कट्यारीला गेंड्याच्या शिंगाची मूठ हवी, अशी हौस घरोघरी पोचली. पूर्व आशियात औषध म्हणून शिंगाला मागणी होतीच. 1977 मध्ये शिंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी शिकार थांबली नाही. केनियातले 20,000 गेंडे 1980 च्या दशकाअखेर चारशेच्या आत आले.

2017 मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतली जुनी कातडी, हाडं आणि आजच्या गेंड्यांचे नमुने यांची जनुकं ताडून पाहिली. पूर्वीच्या 64 मातृवंशांपैकी 44 नाहीसे झाले होते. गेंड्यांची संख्या वाढवता येते. हे वंश पुन्हा आणता येत नाहीत, आणि माझ्या मते तोटा मोजायचा तो इथं.

हेलिकॉप्टरला उलटे टांगलेले गेंडे

आता जरा श्वास घेऊ. डोंगराळ भागातून, जिथं रस्ताच नाही, तिथून गेंडा दुसरीकडे न्यायचा कसा? गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची, चारही पाय पट्ट्यांत अडकवायचे आणि हेलिकॉप्टरखाली उलटा लटकवून उडवायचा! दृश्य विचित्र दिसतं, पण काम झटपट होतं. प्रश्न होता गेंड्याच्या श्वासाचा, कारण गुंगीच्या औषधानं तो आधीच मंदावलेला असतो.

म्हणून नामिबियात एका पथकानं बारा काळ्या गेंड्यांना क्रेनला उलटं टांगून मोजमापं घेतली. उलट्या अवस्थेत त्यांची स्थिती कुशीवर झोपवल्यापेक्षा किंचित चांगलीच निघाली. या संशोधनाला 2021 चा ‘इग नोबेल’ मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा पुरस्कार इथं अगदी योग्य जागी पोचला.

शिंग कापावं का?

गेंड्याला मारण्याचं कारणच काढून टाकावं, या विचारानं नामिबियानं 1989 मध्ये जगात पहिल्यांदा गेंड्यांची शिंगं कापली. मुळाच्या वरून कापलं तर दुखत नाही आणि शिंग पुन्हा वाढतं. म्हणून दर दीड-दोन वर्षांनी तेच काम पुन्हा. उपयोग होतो? होतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर परिसरातल्या अकरा अभयारण्यांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. शिंगं कापल्यावर शिकार 78 टक्क्यांनी घटली होती, आणि खर्च संरक्षणाच्या एकूण खर्चाच्या दीड टक्क्याहूनही कमी.

पण गेंड्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. 2023 च्या एका अभ्यासात 368 काळ्या गेंड्यांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या. शिंग गेलेल्या गेंड्यांचा वावर सरासरी 45 टक्क्यांनी आक्रसला आणि ते इतर गेंड्यांच्या वाटेला जाणंही टाळू लागले. शिंगाशिवाय त्याला स्वतःच्या रानात पूर्वीसारखं मोकळं वाटत नाही. तरीही मारला जाण्यापेक्षा हे बरं, असं म्हणावंच लागतं.

घरवापसी, काही जमलेली, काही फसलेली

केनियातले पूर्वेच्या शाखेचे काही गेंडे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत नेले होते. तिथं ते परक्या उपप्रजातीचे ठरले, पण वाढले छान. रवांडात शेवटचा काळा गेंडा 2007 मध्ये दिसला होता. 2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या त्याच पूर्वेच्या शाखेचे 18 गेंडे रवांडाच्या अकागेरा अभयारण्यात आले आणि 2019 मध्ये युरोपच्या प्राणिसंग्रहालयांतून आणखी पाच. झेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेलं जनावर आफ्रिकेच्या मातीत चरायला लागलं!

प्रत्येक वेळी असं जमत नाही. 2018 मध्ये केनियात अकरा गेंडे नैरोबी आणि नाकुरूहून त्सावोला हलवले. नव्या जागेचं पाणी खारट होतं. दहा दगावले, अकराव्यावर सिंहांनी हल्ला केला. त्याच वर्षी चाडच्या झाकूमा अभयारण्यात सहा गेंडे दक्षिण आफ्रिकेहून आणले. काही महिन्यांत चार मेले. तरी चाडनं हात टेकले नाहीत, 2023 च्या अखेरीस आणखी पाच आणले. हे पश्चिमेच्या गेंड्याच्या मुलखात आलेले दक्षिणेचे पाहुणे. झुडपं छाटण्याचं काम ते करतील, रान त्यांना जवळ करील. लॉन्गिपेस मात्र परत येणार नाही.

आज जगात काळे गेंडे साधारण साडेसहा हजार आहेत. सगळ्यात जास्त, जवळपास एक तृतीयांश, नामिबियात. केनियात पुन्हा हजाराच्या घरात. 1982 पासून नामिबियाच्या कुनेने भागात ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’चे स्थानिक माग काढणारे उन्हातान्हात पायी फिरून एकेका गेंड्याची नोंद ठेवताहेत. ही वाढ त्यांच्यासारख्यांच्या पायांवर उभी आहे.

जाणार असाल तर

केनिया-टांझानियाच्या सहलींना मराठी मंडळी आता मोठ्या संख्येनं जातात. मसाई माराच्या सिंहांबरोबर काळ्या गेंड्यासाठीही एक दिवस राखून ठेवा. पूर्व आफ्रिकेत ओल पेजेता, नाकुरू आणि गोरोंगोरो ही खात्रीची ठिकाणं. नामिबियाला गेलात तर एटोशातल्या ओकाउकुएजो पाणवठ्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात बसा. तिथं गेंडे पाणी प्यायला येतात. तिकिटाच्या पैशांतून वनरक्षकांचे पगार निघतात, तेव्हा तो खर्च सत्कारणी लागतो. फक्त एक करा. फोटो काढण्याआधी मोबाइलचं लोकेशन बंद करा आणि गेंडा नेमका कुठं दिसला ते समाजमाध्यमांवर लिहू नका. शिकारीही तेच फोटो पाहत असतात.